थांबवलेल्या चित्रातली शर्यत

"मॅडम, फोटो खोटं बोलत नाही," असं मला अकोल्याच्या मैदानावर एका पंचांनी सांगितलं. त्यांच्या हातात मोबाइल होता, पडद्यावर एक शर्यत थांबवून ठेवलेली होती, आणि चेहऱ्यावर लहान पोराला समजावताना असतं तसं हसू होतं. या गोष्टीला काही वर्षं झाली. मला त्या वाक्याचा राग अजून येतो. फळ्यावर लिहिताना मध्येच येतो, मेथी निवडताना येतो. या रागात माझ्या स्वतःच्या वाट्याला किती यायला हवा, तेही सांगणार आहे. पण क्रमाने सांगते.

मी अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवते. माहेर अकोल्याचं. दहावीला श्रेढीचं प्रकरण संपलं की दरवर्षी एक तास मी पुस्तक बाजूला ठेवते आणि पोरांना अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक माणसाची कोडी सांगते. त्या माणसाचं म्हणणं होतं की जगात काहीही हलत नाही. आपल्याला हलताना दिसतं तो निव्वळ भास. आणि हे तो नुसतं म्हणत नव्हता, एकेक पायरी मांडून सिद्ध करत होता.

त्या वर्षीही मी फळ्यावर एक आडवी रेघ मारली. एका टोकाला अमरावती, दुसऱ्या टोकाला अकोला. "एसटी निघाली. अकोल्याला पोहोचायच्या आधी तिला अर्ध्या वाटेवर यावं लागेल ना? समजा मूर्तिजापूर. उरलं अर्धं. त्याच्या अर्ध्यावर बोरगाव मंजू. मग उरलेल्याचं पुन्हा अर्धं. दर वेळी थोडं उरतंच. म्हणजे न संपणारे टप्पे आहेत. न संपणारे टप्पे संपवून गाडी स्टँडवर लागेलच कशी?"

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, लागते नं! माहा मामा डायवर हाये!" सगळा वर्ग हसला. मीही हसले. मग दुसरं कोडं सांगितलं. एक पट्टीचा धावणारा आणि एक कासव. कासवाला थोडं पुढे उभं केलं आहे. धावणारा कासवाच्या जागी पोहोचेपर्यंत कासव थोडं सरकलेलं असतं. तो तिथे पोहोचेपर्यंत ते आणखी थोडं सरकतं. अंतर कमी कमी होत जातं, पण उरतंच. म्हणजे जगातला सगळ्यात जोरात धावणारा माणूस कासवाला कधीच मागे टाकू शकणार नाही.

तेव्हा खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उठली. मी इथे कुणाचंच नाव लिहीत नाही. तिला तर वर्गात कुणी नावाने हाक मारतही नसे. ती रोज भातकुलीकडून एसटीने यायची, म्हणून सगळे तिला भातकुलीवालीच म्हणायचे. तिचे आईवडील झेंडू, शेवंती आणि थोडी पालेभाजी लावत, आणि आई पहाटे माल घेऊन अमरावतीच्या बाजारात बसायची. पोरगी अंगाने काटक, बोलायला कमी. गणितात बेताचीच. पण धावायची. आमच्या शाळेत तिच्याजवळपास फिरकेल असं कुणी नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "थो धावणारा कासव जिथं होतं तिथं कायले जाते?"

"म्हणजे?"

"मी धावतो तं पुढच्या पोरीचा पाय कुठी पडला थे नाई पायत. मी रेषेकडं पायतो. त्यानं बी रेषेकडं पायलं असतं तं कासव कवाच मांगं पडलं असतं."

मी तिला बसायला न सांगता तशीच उभी राहिले. एवढी वर्षं मी हे कोडं सांगत होते, आणि शेवटी फळ्यावर अर्धा अधिक पाव अधिक एक-अष्टमांश करत बेरीज एक येते हे दाखवून टाळ्या घेत होते. कोडं रचणाराच धावपटूला मागच्या जागा मोजायला लावतो, आणि त्यामुळे तो अडकतो, हे इतक्या सरळ शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तसं वर्गाला म्हणाले. ती लाजली आणि पटकन खाली बसली.

तास संपायला पाच मिनिटं होती, म्हणून तिसरं कोडंही सांगून टाकलं. हवेतून जाणारा बाण. कुठलाही एक क्षण घ्या. त्या क्षणी बाण एका ठरावीक जागी असतो, जितका लांब आहे तितकीच जागा व्यापून. त्या क्षणी तो हलत नाही. पुढचा क्षण घ्या, तेव्हाही नाही. कुठल्याच क्षणी हलत नाही, तर मग तो हलतो कधी? मी उत्तर सांगितलं ते साधं होतं. एकट्या क्षणात वेग दिसतच नाही. वेग कळायला आधीचं आणि नंतरचं दोन्ही बघावं लागतं. एका क्षणाकडे बघून बाण उभा आहे म्हणणं जितकं चूक, तितकंच तो पळतो आहे म्हणणंही चूक. पोरांनी माना डोलावल्या आणि घंटा झाली.

दिवाळीच्या सुटीआधी भातकुलीवाली जिल्ह्यातून आठशे मीटरमध्ये पहिली आली, आणि विभागीय स्पर्धा अकोल्याला लागली. आमच्याकडे क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही अकोल्याच्या, तुम्हीच जा." मी नियमांचं पुस्तक मागवलं, दोन रात्री वाचलं आणि महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिल ओढली. शिक्षिकेची सवय.

मैदानावर पोहोचल्यावर माझ्या मनातली निम्मी भीती गेली, कारण अंतिम रेषेजवळच्या टेबलाशी माझे शाळेतले पी.टी.चे सर बसलेले होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, डोक्याला टोपी, गळ्यात तीच दोरीची शिट्टी. मला खो-खोमध्ये कसं बसायचं, कसं उठायचं, हे त्यांनी शिकवलं होतं. मी पाया पडले. "कावं बेटा, गणिताची मास्तरीण मैदानात?" म्हणून ते खूश झाले. भातकुलीवालीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पयल्या चक्कराले घाई नको करू."

तिने घाई केली नाही. आठशे मीटर म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत ती पाचवी होती. दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिसरी. पुढे यजमान संघाची एक उंच मुलगी होती, आखीव धावणारी. शेवटच्या सरळ पट्ट्यात भातकुलीवाली बाहेरच्या बाजूने सुटली. मी रेषेच्या बरोबर शेजारी उभी होते, दोरीच्या अलीकडे, सरांच्या टेबलापासून चार हातांवर. दोघी एकत्रच आल्या म्हणायला हरकत नाही. पण शेवटच्या पावलाला आमच्या पोरीने छाती पुढे टाकली, आणि मी ते बघितलं. छाती आधी तिची गेली. नियमात धड आधी जायला लागतं. पाय नाही, हात नाही, डोकं नाही. त्या ओळीखाली मी पेन्सिल ओढली होती.

विभागातून पहिली येणारी एकच मुलगी राज्याच्या स्पर्धेला जाणार होती.

टेबलाशी कुजबुज सुरू झाली. घड्याळं दोघींना सारखीच वेळ दाखवत होती. यजमानांचे प्रशिक्षक हातात मोबाइल घेऊन आले, त्यांनी शर्यतीचा व्हिडिओ काढला होता. मुख्य पंच बाहेरून आलेले अधिकारी होते. त्यांनी मोबाइल घेतला, बोटाने मागेपुढे केलं आणि एका जागी थांबवलं. "हे बघा," ते म्हणाले, "हिचा पाय रेषेवर आहे. तुमची अजून हवेत आहे. निकाल स्पष्ट आहे."

मी पडद्यावर वाकले. उंच मुलीचा पुढचा पाय पांढऱ्या रेषेवर टेकलेला. आमच्या पोरीचे दोन्ही पाय जमिनीपासून वर, तोंड उघडं, वेणी मागे सरळ आडवी.

"साहेब, पाय धरत नाहीत. धड धरतात. पुस्तकात आहे."

"मॅडम, फोटो खोटं बोलत नाही."

"हा फोटो नाही, व्हिडिओचा एक तुकडा आहे. याच्या पुढचं चित्र बघू या."

त्यांनी बोट सरकवलं. पुढच्या चित्रात दोघी रेषेच्या पलीकडे होत्या. म्हणजे जे काही झालं ते या दोन चित्रांच्या मधे झालं होतं, आणि मधलं काही मोबाइलने टिपलंच नव्हतं. मी ते सांगितलं. आणखी एक सांगितलं. व्हिडिओ काढणारे रेषेवर उभेच नव्हते, रेषेच्या पुढे दहा-बारा पावलांवर उभे होते. तिथून तिरपं बघितलं की अलीकडून, म्हणजे आमच्या पोरीसारखी बाहेरच्या बाजूने धावणारी मागे दिसते. मी टेबलावरचे दोन पेन एका रेषेत उभे धरले. "साहेब, इथून बघा, सारखे आहेत ना? आता जरा या बाजूला येऊन बघा."

साहेब उठले नाहीत. "तुम्ही गणिताच्या का हो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग गणित वर्गात. इथे खेळ चालतो."

आजूबाजूचे दोनतीन जण हसले.  काही आठवड्यांपूर्वी जी गोष्ट मी वर्गात गंमत म्हणून सांगत होते ती इथे खरोखर घडत होती. पळत्या पोरीला एका क्षणात गोठवून, तिच्या हवेतल्या पायांकडे बोट दाखवून, ही अजून पोहोचली नाही असं एक माणूस म्हणत होता. ग्रीक माणसाला निदान ठाऊक होतं की तो लोकांना कोडं घालतो आहे. आमच्या साहेबांना ते उत्तर वाटत होतं.

तेवढ्यात भातकुलीवाली माझ्या मागून पुढे आली. अजून धापा टाकत होती. "सर, मी पयले पोचली," ती म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "पोचली? पोचली काय? 'मी पोहोचले' म्हण. दहावीत आहेस ना?"

यावेळी हसणारे जास्त होते. आमच्याकडे बायका-पोरी 'मी गेली, मी आली' म्हणतात. माझी आई म्हणते, माझी मोठी बहीण म्हणते, मीही घरी म्हणते. बी.एड. करताना मला पुण्याच्या बाजूच्या मुलींनी ते सोडायला लावलं होतं. पोरीने एकदा माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मी त्या टेबलावर हात आपटायला हवा होता. मी आपटला नाही. मी सरांकडे वळले.

"सर, तुम्ही रेषेवरच बसले होते. तुम्ही सांगा."

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. "बेटा," ते हळू म्हणाले, "जाऊ दे. दुसरी आली, कमी हाये काय?"

मी जाऊ दिलं नाही. अर्ध्या तासात लेखी आक्षेप देता येतो, हेही पुस्तकात होतं. मी वहीचा कागद फाडला, मुद्दे लिहिले, कॅमेरा कुठे होता त्याची आकृती काढली आणि दिला. साहेबांनी तो न वाचता घडी घालून पॅडखाली ठेवला आणि कुणाला तरी फोन लावत मंडपामागे गेले.

दहा मिनिटांत माझा फोन वाजला. आमचे मुख्याध्यापक होते.

"मॅडम, काय चालवलंय?"

"सर, आपली मुलगी पहिली आली आहे. मी डोळ्यांनी..."

"ते साहेब आपल्याकडे तपासणीला येतात, माहीत आहे ना? पुढच्या वर्षीची स्पर्धा आपल्या शाळेत घ्यायची बोलणी चालली आहेत. मुलगी दुसरी आली, त्याचंही कौतुक करू. अर्ज मागे घ्या."

"सर, ती राज्यावर..."

"मी विनंती करत नाहीये."

साहेब परत आले तेव्हा त्यांच्या हातात माझाच कागद होता. म्हणाले, मागे फक्त दोन ओळी लिहा. मी पेन उचलला. काय लिहायचं तेही त्यांनीच सांगितलं. 'माझा गैरसमज झाल्याने सदर आक्षेप मागे घेत आहे.' मी ते लिहिलं. माझ्या वळणदार, फळ्यावर शोभणाऱ्या अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. मान वर केली तर भातकुलीवाली पाच हातांवर जमिनीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. तिचे हात थांबलेले होते.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली.  मूर्तिजापूरला गाडी स्टँडवर उभी असताना, समोसेवाला खिडकीखालून ओरडत असताना, तिने विचारलं, "मॅडम, तुमी सही काऊन केली?"

मी म्हटलं, "बेटा, काही गोष्टी मोठ्या माणसांच्या असतात."

याच्याइतकं घाणेरडं वाक्य मी वर्गात कधी बोलले नसेन. तिने ते ऐकून घेतलं. "तुमचा गैरसमज झालता काय?" तिने पुन्हा विचारलं. साहेबांनी मजकूर मोठ्याने सांगितला होता, तिने ऐकला होता.

"नाही."

"मंग?"

मी खिडकीबाहेर बघितलं. 

दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी तिला पुढे बोलावून गुलाबाचं फूल दिलं आणि 'विभागात द्वितीय' म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. फुलं लावणाऱ्यांच्या पोरीला एक गुलाब. तिने तो वर्गात आणून खिडकीच्या गजात खोचून ठेवला आणि संध्याकाळी तिथेच सोडून गेली. माझ्या तासाला ती वही उघडायची, लिहायची, वर बघायची नाही.

पुढच्या आठवड्यात अकोल्याच्या सरांचा फोन आला. नेहमीसारखं आधी तब्येत, मग पाऊसपाणी, मग माझ्या आईची विचारपूस. मग थोडं थांबून म्हणाले, "बेटा, एक सांगू काय? तुई पोरगी आधी होती. हातभर नाई म्हणत मी, पण आधी होती. मी पायलं."

मला आधी कळेचना की मी काय ऐकलं. मग मी ओरडले. सरांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

"मग तिथं काऊन नाई बोलले तुमी?"

"आता कसं सांगू तुले. रिटायर झाल्यावर आपल्याले कोण इचारते? वर्षातून चार वेळा थे लोकं बोलावतात. टेबलाशी बसवतात. शिट्टी घालून जातो. तेवढंच हाये माह्याजवळ."

"आणि त्या पोरीजवळ काय हाये सर?"

 मी फोन कापला. स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले, कणीक मळायला घेतली आणि तशीच टाकून दिली. मला सरांचा इतका राग आला होता की त्यांनी मला शिकवलेलं सगळं परत करावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी मला कळत होतं की आमच्या दोघांत फरक एवढाच होता, ते न बोलून गप्प बसले आणि मी लिहून गप्प बसले.

रविवारी मी अकोल्याला गेले. आईकडे न जाता सरळ सरांच्या घरी गेले. ते ओसरीत पेपर वाचत होते. मी पिशवीतून कोरा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"लिहून द्या."

"आता काय उपयोग बेटा? राज्याच्या स्पर्धेले आठ दिवस उरले."

"आठ दिवस पुरतात. लिहून द्या."

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता नाही म्हणतील. त्यांच्या बायकोने आतून चहा आणून ठेवला आणि ती दारातच उभी राहिली. तिने सगळं ऐकलेलं होतं. "द्या नं लिहून," ती म्हणाली. "घरात चार दिवस जेवले नाई नीट. द्या लिहून एकदाचं."

त्यांनी लिहिलं. ओळी वर चढत होत्या. मी अंतिम रेषेवर बसलो होतो, अमुक क्रमांकाच्या मुलीचे धड प्रथम रेषेपार गेले, ते मी स्वतः पाहिले, त्या वेळी मी बोललो नाही ही माझी चूक. शेवटची ओळ मी सांगितली नव्हती. ती त्यांनी आपणहून लिहिली.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी साहेबांच्या अमरावतीतल्या कार्यालयात गेले. साहेब जागेवर होते. त्यांनी सरांचा कागद वाचला, दोनदा वाचला. मग कपाटातून एक फाइल काढली आणि माझ्यासमोर उघडी केली. त्यात माझा आक्षेप होता, आकृतीसकट. आणि त्याच्या मागे माझं अक्षर. माझा गैरसमज झाल्याने.

"मॅडम," ते या वेळी हसत नव्हते, "आक्षेप नोंदवणाऱ्यानेच मागे घेतला, तर प्रकरण उरतच नाही. साक्षीदार कुणाच्या बाजूने साक्ष देणार? तुम्हीच म्हणता गैरसमज झाला."

"तुम्ही सांगितलं म्हणून मी लिहिलं."

"असं कुठे लिहिलंय?"

 मी त्यांच्यापुढे दोन पेन धरून तिरपी नजर समजावून सांगू शकत होते, दोन क्षणांमधली पोकळी समजावू शकत होते, पण ही दोन ओळींची भिंत मीच बांधली होती. त्यांनी सरांचा कागद मात्र परत दिला नाही. "हा राहू द्या आमच्याकडे," म्हणाले. त्यानंतर सरांना टेबलाशी बसायला कुणी बोलावलं नाही. म्हणजे त्या एका कागदाने खऱ्याला काही मिळालं नाही, आणि उशिरा का होईना खरं बोलणाऱ्याला तेवढी शिक्षा झाली. 

शाळेत आल्यावर मी दहावीच्या वर्गात गेले. तास माझा नव्हता, मराठीच्या बाईंकडून पाच मिनिटं मागून घेतली. पोरांना सांगितलं, "अकोल्याला ही पहिली आली होती. ज्यांनी ते बघितलं त्यांनी आता लिहून दिलंय. पण मी तिथे घाबरून, माझा गैरसमज झाला असं खोटं लिहून दिलं, म्हणून ती राज्यावर जाऊ शकत नाही. यात चूक माझी आहे."

 मला वाटलं होतं की सांगितल्यावर मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. भातकुलीवाली उभी राहिली.

"मॅडम, मी पयली आली थे मले मालूम हाये," ती म्हणाली. "थे तुमी सांगाले नाई पायजे होतं. थ्या सायबाले सांगाले पायजे होतं."

"गेले होते गं सांगायला."

"थ्या दिवशी," ती म्हणाली आणि बसली.

मुख्याध्यापकांना हे कळायला तासही लागला नाही. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. मी उत्तरात जे झालं ते तसंच लिहिलं, या वेळी कुणी मजकूर सांगायला नव्हता. त्याचं पुढे काही झालं नाही. पगारवाढ एक वर्ष उशिरा आली, एवढंच. स्पर्धाही पुढच्या वर्षी आमच्या शाळेत झाली नाही, ती दुसरीकडेच गेली. ज्यासाठी त्या पोरीला मागे ढकललं ते कुणाला मिळालंही नाही. या गोष्टीवर हसणारे लोक मला भेटले आहेत. मला हसता येत नाही.

दहावीनंतर ती अचलपूरला मावशीकडे राहायला गेली आणि तिथल्या महाविद्यालयात शिकू लागली. तिच्या आईशी मात्र माझं बाजारात बोलणं व्हायचं. मी झेंडू घ्यायला थांबले की ती ओंजळीने फुलं टोपलीत घालायची आणि म्हणायची, "धावून राहिली जी अजून. सकाळी उठते, रस्त्यानं जाते." एकदा मी विचारलं, माझ्याबद्दल काही बोलते का. आईने फुलांवर पाणी मारता मारता माझ्याकडे बघितलं. "नाई," म्हणाली. "बोलत नाई." त्यात टोमणा नव्हता. जे होतं ते सांगितलं.

दोन वर्षांनी विभागीय स्पर्धा पुन्हा अकोल्याला लागली. आमच्या शाळेचं त्या वर्षी कुणीच नव्हतं. मी सुटी काढून गेले. आईकडे जाते असं घरी सांगितलं होतं. मोठ्या गटातल्या मुलींच्या आठशे मीटरला तिचं नाव पुकारलं. अंगाने थोडी भरली होती, केस कापलेले.

गॅलरीच्या वरच्या पायरीवर सर बसलेले दिसले. शिट्टी नव्हती. मांडीवर डबा होता, शेजारी पाण्याची बाटली. मी वर चढून त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्या रविवारनंतर आम्ही फोनवर दोनतीनदा बोललो असू, कामापुरतं. माझा त्यांच्यावरचा राग गेला होता असं मी म्हणणार नाही. पण खाली टेबलाशी नवे लोक हसत होते, चहा पीत होते, आणि मला तिथे बसावंसं वाटलं नाही.

"हीच नं थे?" सरांनी विचारलं.

"हो."

शर्यत सुरू झाली. या वेळीही ती पहिल्या फेरीत मागेच राहिली. पण बाकीच्या मुली जास्त तयारीच्या होत्या. शेवटच्या पट्ट्यात ती जोर लावत होती ते इतक्या वरूनही कळत होतं. चौथी आली. स्वच्छ चौथी, तिच्या पुढे आणि मागे मोकळी जागा. कुणाला व्हिडिओ बघायची गरज पडली नाही.

रेषा ओलांडल्यावर ती कमरेवर हात ठेवून चालत गॅलरीच्या खालून गेली. वर बघितलं. आम्ही दोघं तिला दिसलो, यात शंका नाही, कारण सरांनी हात वर केला होता. ती एक क्षण बघत राहिली आणि मग आपल्या बॅगेकडे निघून गेली.

सरांनी हात खाली घेतला. डबा उघडला, त्यात भाकरी आणि झुणका होता. "खाते काय?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं.

खाली पुढच्या शर्यतीची मुलं आपापल्या पट्ट्यांत उभी राहत होती.